न कापलेली बाजू

"बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि दुसऱ्याच्या हाताकडं बघायचं नाही," सबनीस मॅडम म्हणाल्या आणि तीन बटाटे टेबलावर ठेवले. एक माझ्यापुढं, एक रोहिणीताईपुढं, एक स्वतःपुढं.

लॅपटॉप पँट्रीतल्या मायक्रोवेव्हला टेकवून ठेवलेला. त्यावर एकच चित्र. काळ्या पडद्यावर पांढरीशुभ्र चांदणी.

मी सुरी घेतली आणि लागलो कापायला.

हे काय चाललं होतं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल स्वयंपाकाचा क्लास होता.

उत्तर जर्मनीत एका शहराबाहेर एक यंत्र आहे. जमिनीखाली लांबलचक बोगदा आणि त्याच्या टोकाला एक्स-रेचा लेसर. आम्ही पुण्याहून तिथं आठवडाभर गेलो होतो. एका भट्टीत चांदी तापवायची, तिचे बारीक कण हवेत उडवायचे आणि उडता उडता त्यांच्यावर लेसरचा फ्लॅश मारायचा. कण किती बारीक? केसाच्या जाडीत शेकडो कण शेजारीशेजारी बसतील. फ्लॅश बसला की कणाच्या चिंध्या. पण चिंध्या व्हायच्या आधीच उजेड त्याच्यावरून उधळून पुढच्या डिटेक्टरवर पडलेला असतो. म्हणजे फोटो निघतो आणि माणूस जातो. "जरा मान इकडं करा" म्हणायची सोय नाही.

बरं, फोटोत कण दिसतच नाही. दिसते ती त्याची रांगोळी. कण गोल असेल तर एकात एक वर्तुळं. पैलू असतील तर चांदणी. एकेक सपाट बाजू एकेक हात बाहेर फेकते. त्या हातांवरून उलटं ओळखायचं, की बाबा हा मेला तेव्हा दिसत कसा होता.

ते ओळखायचा प्रोग्रॅम माझा.

मी म्हणजे सन्मती शेंडुरे, मुक्काम हुपरी. शिक्षण बारावी. वडिलांचा पैंजणांचा कारखाना, तिथं मागं बसून मोबाईलवर व्हिडिओ बघत प्रोग्रॅमिंग शिकलो. पहिलं काम मिळालं ते मोबाईल गेममधले दगड बनवायचं. खरंच. गेममध्ये रस्त्याकडेला दगड पडलेले असतात ना, ते कोणीतरी बनवतं. ते मी बनवायचो. मॅडमनी ते दगड कुठंतरी बघितले आणि फोन केला, "पैलू पाडता येतात ना तुला? मग ये पुण्याला." आल्यावर कळलं की दगड चांदीचे आहेत आणि दिसत नाहीत.

माझ्या प्रोग्रॅमात आकारांची एक यादी होती. प्रत्येक आकाराची रांगोळी तो स्वतः काढायचा, खऱ्या चित्राशी ताडून बघायचा आणि ज्याची सगळ्यात जवळ जाईल त्याचं नाव सांगायचा. दर वेळी सांगायचाच.

आणि म्हणूनच बटाटे.

मॅडमचा नियम होता. महत्त्वाचं चित्र आलं की ते कॉम्प्युटरला द्यायच्या आधी तिघांनी नुसतं बघून तो आकार बटाट्यात कापायचा. कापून झालं की वर स्टीलची वाटी पालथी घालायची. वाट्याही त्यांनी पुण्याहून आणलेल्या. तिन्ही जुळले तर चित्र पुढं. नाही जुळले तर चित्र बाजूला, कितीही देखणं असो. पहिल्या दिवशी मी विचारलं, "मॅडम, कागदावर काढलं तर नाही का चालत?"

"कागदावर पाठ काढावी लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "बटाट्याला पाठ असते."

त्या दिवशीचं चित्र महत्त्वाचं होतं. आठवड्यातली सगळ्यात लखलखीत चांदणी. आणि शेवटची शिफ्ट.

कोणासाठी महत्त्वाचं, तर रोहिणीताईसाठी. रोहिणी वाघचौरे, संगमनेरची. पीएचडीची सहा वर्षं होत आली होती तिची. मॅडमनी बऱ्याच वर्षांपूर्वी गणितानं मांडलेलं की चांदीचे मोठे कण पाच कोपऱ्यांच्या चपट्या चकतीसारखे असणार, दोन पसरट पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवल्यासारखे. तो पेपर मॅडमचा सगळ्यात गाजलेला. पण ती चकती उडताना कोणी बघितलेली नव्हती. ताईनं ती दाखवायची होती. दाखवली की थिसिस. फेलोशिप दिवाळीला संपत होती. दाखवता नाही आली, तर संगमनेरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि सहा वर्षं विसरायची. तिच्या सासऱ्यांचा फोन रोज यायचा. "निघाली का गं चकती?"

आणि त्या आठवड्यात निघत होती. चांदणीमागून चांदणी. पाच हात, पाच हात, पाच हात.

तर, मी माझा बटाटा कापून मोकळा झालो. तिकडचा बटाटा चांगला घट्ट, पिवळा, मेणासारखा, कोपरा पाडला तर तुटत नाही. वाटी घातली. मॅडमनीही घातली. ताईचं आपलं चाललेलंच. कापायची, चित्राकडं बघायची, बटाटा फिरवायची, परत थांबायची.

"रोहिणी, बटाटा आहे तो. ताजमहाल नाही," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात, बोलायचं नाही."

"मी नियम केलाय, मी बोलू शकते."

ताईनं शेवटी वाटी घातली. मॅडमनी मान हलवली आणि तिघांनी एकदम वाट्या उचलल्या.

माझी चकती, पाच कोपरे. मॅडमची चकती, पाच कोपरे, माझ्यापेक्षा सुबक. ताईच्या बटाट्याला मात्र तीन कोपरे अगदी नीट कापलेले, त्यांच्या दोन बाजूंना अर्धवट उतार, आणि उरलेली सगळी बाजू तशीच. सालासकट. मातीचा ठिपकासुद्धा होता त्यावर.

"ताई, अर्धा राहिला," मी म्हटलं.

"नाही. झालाय."

"अगं, साल आहे त्याला," मॅडम म्हणाल्या.

"हो. तिथं काय आहे ते मला दिसत नाहीये. सुरी तिथं गेली आणि थांबली. काय कापू?"

तिनं लॅपटॉप पुढं ओढला आणि चांदणीच्या उजव्या खालच्या अंगाला बोट ठेवलं. तिथं एक करडा पट्टा होता. रुंद, कलिंगडाच्या फोडीसारखा, गोलाचा जवळजवळ सहावा हिस्सा खाणारा. तो प्रत्येक चित्रात असायचा. भट्टीचा लाल उजेड डिटेक्टरवर पडू नये म्हणून या खेपेला आत एक धातूची पट्टी बसवली होती. तिची ती सावली. पट्टी ताईनंच बसवलेली. आणि सावलीवर करडा रंग मारायचा तो माझा प्रोग्रॅम, नजर तिथं अडकू नये म्हणून.

"पट्टीची सावली आहे ती," मॅडम म्हणाल्या. "रोजचीच आहे."

"रोजचीच आहे, तेच म्हणतेय. सन्मती, तू किती हात मोजलेस?"

"पाच."

"मोजलेस, की आठवलेस?"

मी चित्राकडं बघितलं. पाच होते. मोजले तरी पाचच होते.

"पाच आहेत ताई. बघ ना."

"आहेत. आता मला चार हातांची एक चांदणी काढून दे. आठवड्यातली कुठलीही."

"चार कशाला असतील?"

"प्रत्येक कण वेगळा फिरलेला असतो की नाही? चांदणी दर वेळी वेगळ्या अंगानं वळलेली. आणि ही सावली एवढी रुंद. खरंच पाच हात असते, तर बहुतेक वेळा एक ना एक हात सावलीत सापडला असता. मग दिसले असते चार. पट्टीनं आठवडाभरात एकही हात खाल्ला नाही? उपाशी बसली?"

लॅपटॉप परत माझ्याकडं ओढला.

मी सगळ्या चांदण्या काढल्या. एकामागून एक. पाच. पाच. पाच. सावली जिथली तिथं, चांदणी कशीही वळलेली, हात पाच. चारवाली एक नाही.

"सहा असतील तर," मी हळूच म्हटलं, "सावलीत दर वेळी बरोबर एक जाईल."

"जाईल," ताई म्हणाली.

"कण तिरका असला की हात सरकतात," मॅडम म्हणाल्या. "दोन हातांमधली जागा मोठी दिसू शकते. हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे. पण सगळेच तिरके, मॅडम? आणि मोठी जागा दर वेळी पट्टीखालीच?"

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग माझ्याकडं वळल्या. "प्रोग्रॅमला दे रे ते चित्र."

"जुळले नाहीत ना पण बटाटे—"

"दे म्हटलं ना."

दिलं. प्रोग्रॅमनं जरा वेळ घेतला आणि निकाल टाकला. पाच कोपऱ्यांची चकती. शेजारी हिरवी टिकली.

"झालं?" मॅडम म्हणाल्या.

ताई हसली. "सन्मती, तुझ्या यादीत सहा हात फेकणारं चपटं काही आहे का?"

नव्हतं. मॅडमच्या पेपरात नव्हतं, म्हणून मी घातलं नव्हतं. आणि सावलीत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, तर त्यानं चकतीची उरलेली बाजू स्वतःच पूर्ण करून दिली होती. मला एकदम गेममधले दगड आठवले. त्यांची मागची बाजू आम्ही बनवायचोच नाही. खेळणारा तिकडं जात नाही, मग कशाला? आत पोकळ ठेवायचो. इथं येऊन मात्र जे दिसत नाही तेही भरून द्यायला लागलो होतो.

"त्याला दुसरं काही येतच नाही, मॅडम," मी म्हटलं.

"मग आता काय करायचं म्हणतेस?" मॅडमनी ताईला विचारलं.

"पट्टी बाजूला घ्यायची."

तेवढ्यात उर्झुला आत आली. लेसरच्या त्या दालनाची ती प्रमुख, उंच, पांढऱ्या केसांची बाई. कॉफी घ्यायला आली होती. टेबलावरचे बटाटे बघून तिला आता काही वाटत नसे. तिनं ताईचा बटाटा उचलून बघितला आणि इंग्रजीत म्हणाली, "हा सोलायचा राहिला का?"

ताईनं तिला पट्टीचं विचारलं.

"मोटरवर आहे ती, बाहेर येईल," उर्झुला म्हणाली. "पण भट्टीचा उजेड सरळ आत येणार. चित्रं भुरकट होतील. भट्टी थंड करावी लागेल, म्हणजे कणही कमी. शेवटची शिफ्ट आहे तुमची. कदाचित काहीच मिळणार नाही. चालेल?"

"आम्ही सांगतो," मॅडम म्हणाल्या. उर्झुला कॉफी घेऊन गेली.

मॅडम मराठीत आल्या. आवाज अगदी खाली. "रोहिणी, ऐक. आहे तेवढ्यात तुझा थिसिस बसतो. परीक्षक काही पट्टीचं विचारणार नाहीत. तू पदवी घे, नोकरीला लाग. मग आपण परत येऊ, पट्टी काढू, बघू. विज्ञान कुठं पळून जात नाही."

"मॅडम, तुम्ही चकती चित्र बघून कापलीत का?"

"म्हणजे?"

"की माझ्यासाठी कापलीत?"

मॅडमनी स्वतःचा बटाटा उचलून हातात फिरवला. मग म्हणाल्या, "थोडी तुझ्यासाठी. थोडी माझ्यासाठी. माझीच चकती आहे ती."

"आणि तू?" ताई माझ्याकडं वळली.

"मला वाटलं तू तीच कापणार," मी म्हटलं. "जुळायला पाहिजे ना."

"आणि मी बघ. सगळ्यात जास्त गरज मला, आणि मलाच कापता येईना." ती परत हसली. पण हात पुसायला घेतलेला कागद तिनं चुरगाळून चुरगाळून पार गोळी केला होता.

"तुला कळतंय ना तू काय कापायला निघालीस?" मॅडम म्हणाल्या.

"माझंच नाक," ताई म्हणाली. "पण नीट कापू या."

मॅडम उठल्या. मला वाटलं, आता 'नाही' म्हणणार. त्यांनी कंट्रोल रूमचं दार उघडलं आणि उर्झुलाला हाक मारली. "पट्टी काढा."

मग वाट बघणं.

कंट्रोल रूममध्ये खिडकी नाही, पण दाराच्या काचेतून बाहेरचं गवत दिसायचं. मे महिना. तिकडं संध्याकाळ संपतच नाही. भट्टी निवली. पट्टी हलली. स्क्रीन भुरकट झाला, धुक्यात गाडीचा दिवा लावल्यासारखा. फ्लॅश पडत होते पण कण सापडत नव्हते. रिकामं. रिकामं. मग वर्तुळं. परत रिकामं. मी उजेड वजा करायचा प्रोग्रॅमचा एक तुकडा तिथंच लिहिला, घाईघाईत, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चालला. धुकं जरा विरलं.

ताईच्या सासऱ्यांचा फोन आला. तिनं उचलला. "नाही अजून, दादा. हो, जेवले. उद्या सांगते."

"काय म्हणतात?" मॅडमनी विचारलं.

"म्हणतात, नाही निघाली तरी ये घरी."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं आणि बघतच राहिल्या.

आणि मग आली. कोपऱ्यात वर, फिकट, पण चांदणी. मी मोठी केली. धुकं खाली घेतलं. करडा पट्टा नव्हता कुठंच, पहिल्यांदाच सगळा गोल उघडा.

ताईनं स्क्रीनला बोट लावलं आणि मोजायला लागली. मराठीत, मोठ्यानं, पोर अंक शिकतं तसं.

"एक. दोन. तीन. चार. पाच."

बोट पाचव्यावर थांबलं. तिथून पुढं सरकलं.

"सहा."

उर्झुलाला मराठी येत नव्हतं, पण तिला कळलं. ती खुर्चीत मागं टेकली.

"एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "आणखी येऊ दे."

आणखी आल्या. फार नाही, पण आल्या. सहा. सहा. एक अर्धवट, ती सोडून दिली. परत सहा. शिफ्ट संपायच्या आत मी यादीत नवा आकार घातला. दोन चपटे त्रिकोण, पाठीला पाठ, तिन्ही कोपरे छाटलेले, म्हणजे बाजू सहा. ताई मापं सांगत होती, मी टाइप करत होतो. त्याची रांगोळी काढली आणि खऱ्या चांदणीशेजारी ठेवली. मग करडी पट्टी त्या रांगोळीवर मुद्दाम ठेवून बघितली. पाच हात उरले. आठवडाभर जे बघत होतो, हुबेहूब तेच.

चकती गेली. अख्खा आठवडा गेला. ताईच्या थिसिसचं मधलं प्रकरण, ज्याच्यावर बाकीची उभी होती, ते गेलं.

त्यानंतर मी बरेच प्रोग्रॅम लिहिले. आता हेच काम करतो. प्रत्येकात आकारांच्या यादीच्या शेवटी एक ओळ असते, "यातलं काहीच नाही". नवीन पोरं विचारतात की ही कशाला, ही तर कधी निवडलीच जात नाही. मी सांगतो, राहू दे. शिकवायला कोणी नसलं की माणसाला वाटतं उत्तर आलंच पाहिजे. नाही आलं तर लोक म्हणतील, ह्याला येतच नाही. मला तरी तसं वाटायचं. त्या संध्याकाळपर्यंत.

पण गोष्ट माझी नाही, ताईची आहे.

लेसर बंद झाला. उर्झुलानं हात मिळवले आणि गेली. आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो. ताई वायरी गुंडाळत होती. काही बिघडलंच नाही अशी. पण एकच वायर परत परत गुंडाळत होती.

"रोहिणी," मॅडम म्हणाल्या, "बस इथं."

ती बसली.

"दिवाळीला फेलोशिप संपते."

"हो."

"एक वर्ष वाढवता येते. गाइडनं कारण द्यावं लागतं. काम लांबलं, हे कारण चालत नाही. नवीन काहीतरी सापडलं, हे चालतं."

"सापडलंय कुठं मॅडम? होतं तेच गेलं."

"चपटा आहे ना कण?"

"आहे."

"गोल नाही ना?"

"नाही."

"आणि पाच कोपऱ्यांचा नाही. हे जगात आज दुपारपर्यंत कोणाला माहीत होतं?" मॅडमनी माझा लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. "पेपर लिहायला घे. आत्ता. घरी गेलीस की सासरे, पोळ्या, झोप, आणि मग तू पहिलं वाक्य गुळमुळीत करशील. मला माहितीयेस तू."

"काय लिहू पहिलं वाक्य?"

"मी सांगते. लिही. मोठ्या चांदीच्या कणांचा आकार पाच कोपऱ्यांच्या चकतीसारखा असतो, असं यापूर्वी मांडलं गेलं होतं. ते चूक आहे."

ताईची बोटं थांबली. "मांडलं गेलं होतं, असं? कोणी ते नको?"

"का नको? पुढं कंसात संदर्भ दे माझ्या पेपरचा. सबनीस, आणि साल."

ताईनं टाइप केलं. डोळे भरलेले, पण आवाज नेहमीचा.

"आणि मॅडम, ह्या पेपरवर लेखक कोण कोण?"

"तू. मग हा."

"मी?" मी म्हटलं.

"तू. शेंडुरे, सन्मती. स्पेलिंग नीट घाल स्वतःचं."

"आणि तुम्ही?" ताईनं विचारलं. "तुमचं नाव घालू? म्हणजे, तुमचाच पेपर चूक म्हणतोय आपण. लोक हसतील."

मॅडम उठल्या. वाट्या एकात एक घालून पिशवीत ठेवल्या. पिशवीचं तोंड बांधलं.

"घाल," त्या म्हणाल्या. "चूक बेवारस ठेवू नये."

ताईनं घातलं.